दातवण न चढलेला दात

मार्गशीर्ष वद्य तृतीया, रविवार. त्या दिवशी लातूरच्या घरी दातवण कुटायचं होतं. सासूबाईंनी सकाळीच हिरडे, मायफळं, हिराकस आणि लोखंडाचा कीस सुपात काढून ठेवला आणि खलबत्ता माझ्यापुढं सरकवला. लग्नाला महिनाही झाला नव्हता.

"बारीक कूट. कपड्यातून गाळून घ्यायचंय. भरड ऱ्हायलं की हिरड्या सोलून निघत्यात," त्या म्हणाल्या.

आताच्या मुलींना दातवण माहीत नाही, म्हणून सांगते. ही काळी पूड दातांना चोळली की दात काळे होत. जांभळासारखे काळे, चकचकीत. लग्न झालेल्या बाईचे दात काळे हवेत असा तेव्हा आमच्याकडे दंडक होता. निजामाचं राज्य होतं, शहरात शाळा निघाल्या होत्या, पण पांढरे दात घेऊन हिंडणारी सवाष्ण अजून नजरेत खुपे. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही सुटे आणि दात हळूहळू पुन्हा पांढरे पडत. त्यामुळे बाईनं तोंड उघडलं की पुढं काही विचारावं लागत नसे.

निम्मं कुटून झाल्यावर माझा हात थांबला. माझा वरचा, अगदी पुढचा एक दात चिनी मातीचा होता. माहेरी लोणच्याची बरणी होती. इतक्या वर्षांत तिला हळदीचा एक डाग धरला नव्हता. मग ह्या दाताला दातवण कसं धरणार?

हा विचार त्या घटकेपर्यंत आमच्या घरात कुणालाही सुचला नव्हता. मला नाही, वडिलांना नाही, आणि जिचे स्वतःचे दात लग्नापासून काळे होते त्या आईलाही नाही.

वडील नांदेडला कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. घर नदीच्या बाजूला होतं. मी चौदाएक वर्षांची असताना शेजारच्या लग्नाची हळद कांडायला बसले होते. उखळ एक, मुसळं दोन, समोर मैत्रीण. ती काहीतरी बोलली, मी हसले, ताल चुकला आणि तिचं मुसळ उसळून माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला तो भरून आला. दात निम्मा तुटला होता. तो पुढं महिन्या-दोन महिन्यांत निळा पडला आणि मग काळा झाला.

कुमारिकेच्या तोंडात एक काळा दात. गल्लीतल्या एका काकूंनी पाणवठ्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, एकट्या दाताचंच लगीन लावलं का काय बापानं?"

बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले, पण ओठ मिटून. तेव्हापासून ओठ मिटून हसायची सवय लागली ती लागलीच.

पुढचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. किनवटचे पाहुणे मला बघायला आले, बघून गेले, निरोप आला नाही. हिमायतनगरचे आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझी हनुवटी वर केली, दात पाहिले आणि आईला आत बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "मुलगी आधी कुठं दिली होती का? खरं सांगा. दातवण उतरलेलं दिसतंय."

आईनं मुसळाची हकिगत सांगितली. बाई "असं होय" म्हणाल्या आणि चहा न घेता उठल्या. तुटलेल्या दाताचं कुणाला फारसं वाटलं नसतं. पण मुलीचं एक लग्न होऊन मोडलंय, असं बोलणं एकदा गावात पसरलं की ते वडिलांना कुठल्या कचेरीत जाऊन खोडता आलं असतं? त्या रात्री ते जेवले नाहीत. मी पुढं वाढायला गेले तर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चूक मुसळाची होती, तरी मला वाटलं की मी खरंच काहीतरी केलं आहे.

हैदराबादचे एक दातांचे डॉक्टर अधूनमधून नांदेडला येऊन स्टेशनाजवळ उतरत. शेरवानी घातलेले, बोलायला गोड. शिंप्याच्या मशीनसारखं पायानं चालवायचं एक यंत्र ते बरोबर आणत. वडील मला, आईला आणि माझ्या आत्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी दाताला टिचकी मारून पाहिली.

"दात मर गया, मगर जड़ पक्की है," ते वडिलांना म्हणाले. "ऊपर का निकाल देतूं, जड़ में कील बिठाके टोपी चढ़ा देतूं. कोई पहचानेगा नै."

मग त्यांनी मखमलीची एक पेटी उघडली. आत तयार दात ओळीनं मांडलेले होते. काही दुधासारखे, काही पिवळट, काही राखी छटेचे.

"कौनसा होना, देख लो."

आई आणि आत्या पेटीवर वाकल्या. दोघींची तोंडं काळी कुळकुळीत. त्या काळ्या तोंडांनी दोघी पांढऱ्या रंगावरून हुज्जत घालत बसल्या. हा फार पिवळा, तो मोत्यासारखा पण डोळ्यांत भरतो, शेजारच्या दाताला लावून बघा. आत्या तर म्हणाली, "जरा जास्तच पांढरा घ्या हो, पुढं मळेल." अर्धा दिवस गेला. डॉक्टर कंटाळून चहा प्यायला लागले. शेवटी असा दात निवडला की बसवल्यावर मलाच आरशात कुठला कोणता ते कळेना.

पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी लातूरचे पाहुणे आले. अडतीचं दुकान, एकच मुलगा, खाऊन-पिऊन सुखी घर. मुलाची आई, म्हणजे ह्याच सासूबाई, स्वतः बघायला आल्या होत्या. त्यांनी मला पाट मांडायला लावला, चालायला लावलं, मग जवळ बोलावून म्हणाल्या, "हास बघू जरा."

मी हसले. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा ओठ उघडून.

"दात चांगले हायेत पोरीचे," त्या आईला म्हणाल्या. "दातवण लई छान बसंल."

"हो, हो," आई म्हणाली. आई, आत्या, मी, आम्ही तिघी तिथं होतो, आणि तिघींच्याही डोक्यात काही आलं नाही. त्यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं, तो दात वर्षभर आमच्या घरचा इतका मोठा घोर होऊन बसला होता की तो पांढरा झाल्यावर त्याचं काम संपलं असंच सगळ्यांनी धरलं.

पाहुणे गेल्यावर आईनं वडिलांना विचारलं, "दाताचं सांगायला नको होतं का?"

"मोडका होता तो काढला, चांगला आहे तो बसवला. त्यात सांगायचं काय?" वडील म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

तर आता लातूरला खलबत्ता पुढं घेऊन मी बसले होते. घरात त्या दिवशी आम्ही तिघीच होतो. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, मी, आणि नवऱ्याची आत्या. तिला घरात सगळे मावळण म्हणत. ती फार पूर्वी विधवा होऊन भावाकडं राहायला आली होती. सासरे नात्यातल्या लग्नाला उदगीरला गेले होते. नवरा दुकानात.

दुपारी आत्याबाईंनी मला अंगणात उन्हाला बसवलं आणि बोटानं दातवण चोळायला सुरुवात केली. चव इतकी तुरट की जीभ टाळ्याला चिकटली. "थुंकू नको. गिळू बी नको," त्या म्हणत होत्या. त्यांचं बोट त्या दातावरून जाई तेव्हा मी डोळे मिटून घेई. अजूनही सांगता आलं असतं. तोंड त्यांच्याच हातात होतं, हे एक निमित्त झालं.

चूळ भरली. त्यांनी माझं तोंड उजेडाकडं वळवलं.

आधी त्यांना वाटलं, राहून गेला असेल. त्यांनी तेवढाच दात पुन्हा घासला. मग मीठ घेऊन घासला. मग लुगड्याच्या पदरात पूड घेऊन. हिरडीतून रक्त यायला लागलं. सगळे दात काळे पडत चालले तसा तो एक जास्तच पांढरा दिसत असणार. मला दिसत नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत होते. त्या चिडतील असं मी धरून चालले होते. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा रंग उतरला.

मावळण तांदूळ निवडता निवडता उठून आली. वाकून तिनं पाहिलं. तिचे दात स्वच्छ पांढरे होते.

"अगं बाई," ती म्हणाली. "एक माझ्यासारखाच ऱ्हायला की."

तिच्या मनात वाईट नव्हतं. ती तशीच बोलायची. पण आत्याबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि देवघरात गेल्या.

तेव्हा मला कळलं की त्यांना काय वाटलं आहे. सवाष्णीच्या पुढच्या दाताला दातवण चढत नाही. सौभाग्याची खूण धरत नाही. त्यांचा थोरला मुलगा पटकीच्या साथीत गेला होता, लग्न ठरलेलं असताना. हा धाकटा तेवढा उरला होता. माझा नवरा.

मी चूळ भरत राहिले. दात चिनी मातीचा आहे एवढं म्हटलं की त्यांची भीती संपत होती, आणि वडील खोटे पडत होते. दोन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसत होत्या. मी उठून खलबत्ता धुतला, सूप झटकलं, अंगण झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं.

दिवेलागणीला नवरा आला. दुसऱ्या दिवशी त्याला माल बघायला मुरुडच्या बाजाराला जायचं होतं. पहाटे गाडी जुंपायला सांगितली होती. आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या मुरुडला जायचं न्हाई."

"का?"

"न्हाई म्हनलं ना."

"अगं, माणसं वाट बघून ऱ्हातील तिथं. झालं काय?"

"गाडी, बैल, रस्ता. काय भरोसा हाय कशाचा? घरी बस उद्या."

"रोज जातो त्या रस्त्यानं!" तो म्हणाला. मग चिडून, "बरं, मला जेवायला तरी वाढा का ते बी बंद?"

त्याला वाढलं. तो जेवून सोप्यात जाऊन बसला. आत्याबाईंनी पान घेतलं नाही. मी विचारलं तर "भूक न्हाई" म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथं मावळण आली आणि हळूच म्हणाली, "वहिनीनं सिद्धेश्वराला लोटांगणाचा नवस बोललाय. उद्या सोमवार. गुडघा वाकत न्हाई तिचा, पाटावर बसताना भिंत धरती, आन् लोटांगण घालणार हाय थंडीची. तोवर अन्न न्हाई म्हनती."

एवढं ऐकल्यावर मला गप्प राहता आलं नाही. धैर्य नव्हतं ते. त्यांच्या गुडघ्याच्या विचारानं मला माझीच लाज वाटली. रोज सकाळी त्यांना उठायला हात मीच देत होते.

मी जाऊन त्यांना आत बोलावलं. नव्या सुनेनं सासूला बोलावून घ्यायचं नसतं, तरी त्या आल्या. मी दिवा पुढं घेतला, फळीवरची पितळी पळी घेतली आणि तिच्या दांड्यानं आधी शेजारच्या दातावर, मग त्या दातावर टकटक केलं.

"ऐका. दोघांचा आवाज वेगळा आहे. हा माझा नाही. हा चिनी मातीचा आहे."

आत्याबाईंनी दिवा माझ्या तोंडाजवळ आणला.

"चिनी मातीचा म्हंजी?"

"बरणी असते ना, तसा. हैदराबादच्या डॉक्टरांनी बसवला. माझा तुटला होता."

"बरणीचा?"

"बरणीसारखा."

"बरणीचा दात!" मावळण मागून म्हणाली आणि खाली बसून हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. "अगं वहिनी, दुपारधरनं तू बरणीला दातवण चोळून ऱ्हायलीस!"

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोट घालून दात चाचपला, हलवून पाहिला. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. नंतर आवाज आला तो कोरडा होता.

"कवा तुटला?"

मी सगळं सांगितलं. मुसळ, काळा दात, किनवटचे पाहुणे, हिमायतनगरची बाई आणि तिनं आईला काय विचारलं ते.

"तुझ्या बापानं मला हे आधी सांगितलं असतं," आत्याबाई म्हणाल्या, "तर मी काय तुला टाकून गेले असते?"

गेल्या असत्या की नाही, मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. पण ते बोलून दाखवण्याची जागा माझी नव्हती.

"आन् तू. दुपारधरनं बघून ऱ्हायलीस माझ्याकडं. माझ्या पोराच्या जिवाचा घोर लागलाय मला, आन् तू अंगण झाडत होतीस."

हे खरंच होतं. आजवर मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले. त्यातलं फार थोडं लक्षात आहे. हे वाक्य त्यांच्या हेलासकट लक्षात आहे.

त्या उठल्या, सोप्यात गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जा उद्या मुरुडला."

"आता काय झालं?"

"काही न्हाई झालं. जा."

"ह्या घरात काय चाललंय, मला कुणी सांगंल का?" तो म्हणाला. कुणी सांगितलं नाही. ते मी पुढं सांगितलं तेव्हा त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की त्या दातानं ऊस सोलता येतो का.

मी पान वाढून आणलं. आत्याबाईंनी ते दूर सारलं.

"आता कशाला? आता तर कळलं ना सगळं," मी म्हणाले.

"बोललं ते बोललं. देवाला काय सांगू आता, बरणी हाय, नवस माघारी घेते म्हणून?"

मावळण तोवर गंभीर झाली होती. ती म्हणाली, "घरातल्या कुणीबी फेडला तर चालतं, वहिनी. माझ्या सासरी दीरानं फेडला होता आईचा."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं नाही. तसं पाहायची गरजच नव्हती.

"मी घालते," मी म्हणाले. "तुम्ही दोन घास खा."

त्यांनी पान पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "तोंड मिटून घाल. देवळात बायका असत्यात. हिरड्या सुजल्यात म्हनू आपन चार-दोन दिवस. पुढचं पुढं बघू."

आत्याबाई वडिलांना जाब विचारतील, ही भीती मला संक्रांतीपर्यंत होती. संक्रांतीला वडील तिळगूळ घेऊन आले. आत्याबाईंनी त्यांचं सगळं रीतसर केलं, धोतरजोडी दिली, आग्रहानं वाढलं. दाताचं अवाक्षर काढलं नाही. वडील मजेत जेवले. मी वाढत होते आणि आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पण ते नंतरचं. सोमवारी पहाटे मी विहिरीवर गार पाण्यानं आंघोळ केली आणि ओलं लुगडं तसंच अंगावर ठेवलं. नवऱ्याची गाडी वेशीकडं वळली, त्यामागं आम्ही तिघी देवळाकडं निघालो. आत्याबाईंनी हातात एक लहान केरसुणी घेतली होती. मी प्रदक्षिणेच्या वाटेवर आडवी झाले तेव्हा त्या माझ्यापुढं चालू लागल्या, वाकता येईल तेवढं वाकून खडे बाजूला लोटत. दगड बर्फासारखे होते. पहिला कोपरा मी तोंड मिटून ओलांडला. दुसऱ्या कोपऱ्यावर नाकानं श्वास पुरेना. तिथं पाण्याच्या घागरी घेऊन दोन बायका उभ्या होत्या. एकीनं आत्याबाईंना विचारलं, "कशाचा नवस, काकू?"

"लेकाचा," आत्याबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं आणि श्वास घेतला. दोघींनी तो दात पाहिला. मी कूस वळवली आणि तिसऱ्या कोपऱ्याकडं निघाले.